प्रश्नानंतरची शांतता

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकास पहिला उपदेश मिळतो तो बहुधा एकच: आरंभीच वर्गावर वचक बसवा, पुढचे वर्ष सुखाने जाईल. उपदेश करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. व्हरांड्यातून फेरी मारणारे मुख्याध्यापकही ज्या वर्गातून आवाज येत नाही तो वर्ग उत्तम, असेच समजतात. परंतु गप्प बसलेला वर्ग शिकत असतोच असे नाही. पुष्कळदा तो केवळ घंटेची वाट पाहत असतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली. छडीचे सर्वांच्या ध्यानात राहिले, दुसऱ्या अर्ध्याचे विस्मरण झाले. चुकलेल्या उत्तरावर साऱ्या वर्गाला हसविणारा शेरा शिक्षकास विनोद वाटतो. ज्याच्यावर तो मारला जातो ते मूल पुन्हा हात वर करीत नाही.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासून १९७४ साली आपले निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. मग दुसऱ्यास विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेताच उत्तरे सविस्तर झाली, निरुत्तर राहणारे घटले आणि एरवी मागे पडणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंदांसाठी ना अनुदान लागते ना शिबिर! मात्र अभ्यासक्रम संपविण्याच्या धास्तीत असलेल्या नवशिक्या शिक्षकास तेवढी शांतताही असह्य होते. घरी वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलास तर प्रश्न आधी आपल्या बोलीत उलगडावा लागतो. त्याला तीन सेकंदही अपुरेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली, ती मुलाने शाळेकडे येण्याऐवजी शाळेनेच मुलाकडे जावे म्हणून. मुलासाठी थांबणे हे त्याच वाटेवरचे लहानसे पाऊल आहे.

अर्थात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्यातील प्रमाण जेथे कागदावरच राहते, तेथे सारा भार नव्या शिक्षकाच्या धीरावर टाकणे अन्यायाचे होईल. मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा तरी व्हरांडा सोडून त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसावे, त्या तासाला किती निरनिराळी मुले बोलली एवढेच टिपावे आणि ते त्यास एकांतात सांगावे.