खोडलेली ओळ



एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर माझी पहिली नोकरी नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एका ख्रिस्ती संस्थेत होती. कागदावर काम ‘बालविकासा’चे. प्रत्यक्षात मी पत्रे लिहवून घेत असे. प्रत्येक मुलाला एक नंबर, एक फोटो आणि परदेशात त्याचा खर्च उचलणारा एक देणगीदार. वर्षातून दोनतीनदा चर्चच्या हॉलमध्ये मुलांना सतरंजीवर बसवायचे आणि खुशाली लिहायला लावायची. आवडता विषय कोणता, यंदा पाऊस कसा आहे. मग मी त्याचे इंग्रजी करायची.

सहावीतल्या एका मुलीने लिहिले, ‘पप्पा दारू पिऊन मम्मीला मारतात. तुम्ही पप्पांना पत्र लिहा.’ मी तिला ते खोडायला सांगितले. देणगीदाराला वाईट वाटेल असे काही जाऊ नये, अशी वरून सूचनाच होती. तिने खोडले आणि लिहिले, ‘आमच्याकडे शेळी आहे.’ शेळी नव्हती. मी त्याचेही इंग्रजी करून पाठवले.

गरीब मुलीने आनंदी दिसायचे, आभार मानायचे, घरातली मारहाण घरात ठेवायची, ही शिकवण तिला सासरी मिळायचीच होती. आम्ही ती सहावीतच दिली. दर महिन्याच्या पालकसभेला रोजगार बुडवून येणाऱ्या त्या सगळ्या आया. बापाला कधी कोणी बोलावले नाही, मीही नाही. जेवणाआधी प्रार्थना होती, बायबलची वचने पाठ करून घेत. नाव कमी होईल म्हणून कोणी ‘नको’ म्हणत नसे, हेही मी नाकारत नाही.

तरी या मदतीवर थुंकायला मी तयार नाही. फी, वह्या, दप्तर, डॉक्टरची तपासणी हे सगळे मिळत होते. आणि एक गोष्ट कुठल्याच अहवालात आली नाही. शाळा सुटली की मदत बंद, असा नियम होता. बायकांनी तो बरोबर हेरला. ‘आत्ता लग्न केलं तर पैसे थांबतील’, एवढ्या एका वाक्यावर त्या सासऱ्याला, नवऱ्याला दोन दोन वर्षे थोपवून धरत. ऊसतोडीला जाताना पोरगी आजीजवळ ठेवता येई.

कम्पॅशन इंटरनॅशनल ही अमेरिकन संस्था १९५२ साली कोरियातल्या युद्धाने अनाथ केलेल्या मुलांसाठी निघाली. पुढे ती भारतात आली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिच्या पैशावर पूर्वपरवानगीची अट घातली आणि मार्च २०१७ मध्ये तिने इथले काम गुंडाळले. जवळजवळ दीड लाख मुलांची मदत थांबली. आमची संस्था वेगळी आणि लहान. तिचा परकीय निधीचा परवाना पुढच्या वर्षी गेला. ‘धर्मांतराचा अड्डा बंद झाला’ म्हणून तालुक्यात काहींनी पेढे वाटले. जूनमध्ये फी भरायला त्यांतला एकही आला नाही. शेळीवाली मुलगी तेव्हा आठवी पास झाली होती. दिवाळीनंतर तिचे लग्न झाले.

हे नवीन नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाला बोस्टनमध्ये १८८७ साली निघालेल्या मंडळाचे पैसे येत. दहा वर्षे दरवर्षी वर्गणी देण्याचे वचन तिथल्या लोकांनी दिले होते. १८९३ मध्ये धर्मांतरावरून पुण्यात गहजब झाला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. पण तेव्हा निदान कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आपला आश्रम काढला. आजच्या ओरडणाऱ्यांनी काय काढले?

सरकारचे म्हणाल, तर शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे आठवीला हात वर करतो. मुली गळतात त्या नेमक्या नववीच्या उंबरठ्यावर. हायस्कूल दुसऱ्या गावात, एस.टी. वेळेवर नाही, वयात आलेली पोर. त्यात ती दलित ख्रिस्ती घरातली असेल, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ती अनुसूचित जातीत धरलीच जात नाही. जात मात्र गावाने तिची ठेवलेली असते! मग ती चर्चच्या दारात गेली तर तिला नावे ठेवणारे आपण कोण?

आणि आपण, स्त्री-चळवळीतल्या? ‘परकीय पैसा’, ‘मिशनरी’ हे शब्द आले की आपण बैठकीत विषय बदलतो. मीही बदलला आहे. मुलीने फोटो देऊन, खोटी शेळी लिहून मिळवावे असे तिचे शिक्षण नाही. ते कोणाच्या परवान्याबरोबर बंदही पडता कामा नये. नववीपासून बारावीपर्यंत गावातल्या प्रत्येक मुलीला वसतिगृहात जागा आणि वह्यापुस्तकांचा खर्च सरकारकडूनच हवा. धर्माचा दाखला न मागता हवा.

जूनच्या आत आपापल्या गावात आठवी होऊन घरी बसलेल्या मुली मोजा. घरोघर जाऊन मोजा, शाळेच्या पटावर जाऊ नका. नावे नकोत, आकडा आणि कारण कळवा. आणि मोजायला जाल तेव्हा आईशी बोला, बाप घरात नसताना.