जीपवाल्यांचा संघ

डोंबिवलीच्या कुठल्याही मैदानावर रविवारी गेलात तर क्रिकेटच्या चार मॅचेस एकमेकींत घुसलेल्या दिसतील. पण एका कोपऱ्यात दोन दगडांचा गोल मांडून फुटबॉल खेळणारी पोरंही असतात. त्यांना मँचेस्टरच्या अकरा जणांची नावे तोंडपाठ असतात. आपल्या मुंबईचाच एक संघ देशाचा विजेता होता आणि तो कधीच बंद झाला, हे त्यांना कोणी सांगत नाही.

महिंद्रा युनायटेड हा तो संघ. जीपगाड्या बनविणाऱ्या कंपनीने १९६२ साली तो काढला, म्हणून वर्तमानपत्रे त्यांना ‘जीपमेन’ म्हणत. त्या काळी मुंबईचा फुटबॉल हा कंपन्यांचा फुटबॉल होता. टाटा, मफतलाल, कॅल्टेक्स, रेल्वे असे सगळ्यांचे संघ असत. चांगल्या खेळाडूला नोकरी लागे. ‘खेळून पोट भरतं का?’ असे विचारणाऱ्या बापाला महिन्याच्या पगाराने उत्तर मिळे. गुडघा गेला, खेळ संपला, तरी नोकरी राही. बंगल्यातल्या मुलाला फुटबॉल हा छंद असेल. चाळीतल्या मुलाला ती पोटाची वाट होती.

१९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि नोकरीची जागा कराराने घेतली. जीपवाले त्यातही मागे राहिले नाहीत. १९९८ साली ड्युरँड कप, २००३ आणि २००५ साली फेडरेशन कप. २००५-०६ च्या मोसमात तर डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी राष्ट्रीय लीगच जिंकली! ब्राझीलचा बरेटो आणि घानाचा याकुबू या संघात होते. कोलकाता आणि गोव्याची मक्तेदारी मोडून कूपरेजवर आलेले ते विजेतेपद. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, संघ एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

आणि २०१० साली कंपनीने संघ बंद केला. यापुढे शालेय फुटबॉलवर भर देऊ, असे सांगण्यात आले. शाळेतल्या मुलांना शिकवावे, चांगलेच आहे. पण शिकलेल्या मुलाने पुढे खेळायचे कुठे? २०१३ मध्ये एअर इंडिया आय-लीगमधून गेली, २०१५ मध्ये पुणे एफसी, २०१७ मध्ये मुंबई एफसी.

जर्मनीतही असे घडते. कोळसा खाणींच्या पट्ट्यातील वाटनशाइड ०९ हा लहानसा क्लब क्लाउस श्टाइलमान या कापड उद्योजकाच्या बळावर १९९० ते १९९४ अशी चार वर्षे बुंडेसलीगात खेळला. पुढे घसरत गेला. २०१९ साली दिवाळे निघून भर मोसमात संघ मागे घ्यावा लागला. पण तो क्लब सभासदांचा होता. पुढच्या मोसमात तो पाचव्या श्रेणीतून पुन्हा मैदानात उतरला. महिंद्रा युनायटेडला असे सभासदच नव्हते. प्रेक्षक होते, आणि प्रेक्षकांना मत नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून ते महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही संघांतून खेळलेले. देशाच्या लीगमध्ये तेव्हा या तिघांपैकी एकही संघ उरलेला नव्हता.