अठरा निवडणुका, आठ खासदार आणि आपण



निवडणूक जवळ आली की आपल्या ओसरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते, "आमचे कोण ऐकतो? आम्ही मूठभर." आणि निवडणूक सरली की दुसरे, "बघा, पुन्हा फसवले." ही दोन वाक्ये आपले आजोबा बोलले, वडील बोलले, आता आपण बोलतो. त्यांत खरे किती आणि आळस किती, हे एकदा आकडे पुढ्यात घेऊन तपासायलाच हवे. काहींना हे कडू लागेल. लागू द्या. समाजाच्या पत्रकात गोड बोलायचे आणि मागून कुरकुरायचे, असे आजवर पुष्कळ झाले.

आधी हिशेब मांडू. आपला जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. १९५२ ची पहिली लोकसभा निवडणूक आपल्या वाडवडिलांनी मुंबई राज्याचे मतदार म्हणून केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलले, खासदार बदलला नाही. जोकिम आल्वा १९५२, १९५७ आणि १९६२ असे तीनदा काँग्रेसतर्फे निवडून आले. १९६७ मध्ये दिनकर देसाई अपक्ष म्हणून जिंकले. १९७१ मध्ये बी. व्ही. नाईक, १९७७ मध्ये बी. पी. कदम आणि १९८०, १९८४, १९८९, १९९१ असे चार वेळा जी. देवराय नाईक, हे सारे काँग्रेसचे. १९९६ मध्ये अनंतकुमार हेगडे यांनी भाजपला ही जागा प्रथम मिळवून दिली. १९९८ मध्ये तेच आले. १९९९ मध्ये जोकिम आल्वांच्या सूनबाई मार्गारेट आल्वा काँग्रेसतर्फे जिंकल्या. नंतर २००४, २००९, २०१४, २०१९ अशी सलग चार वेळा पुन्हा हेगडे आणि २०२४ मध्ये विश्वेश्वर हेगडे कागेरी.

अठरा निवडणुका, आठ खासदार. या आठांत जोयड्याच्या मातीतला एकही नाही. त्याचे मला फारसे दुःख नाही. खासदार शिरसीचा असो वा अंकोल्याचा, त्याने आपले काम केले म्हणजे झाले. दुःख वेगळेच आहे. या अठरापैकी एका तरी निवडणुकीत जोयड्याने एकमुखाने काही मागितल्याचे कुणाला आठवते का? मला तरी आठवत नाही.

सुपा बुडाले, आपण गप्प

काळी नदीवर सुपा धरण झाले. सुपा गाव, तालुक्याचे ठाणे, देवळे, बाजार सारे पाण्याखाली गेले. माणसे रामनगरला आणि इतरत्र गेली, कचेऱ्या जोयड्याला आल्या. त्या पाण्यावर नागझरीचे वीजगृह चालते आणि राज्यभर दिवे लागतात. हे सारे घडत असताना मतदारसंघात एकाच पक्षाचा खासदार निवडणुकीमागून निवडणूक निवडून येत होता. आपली घराणी त्यालाच मत देत होती. घर बुडवणाऱ्या सरकारला जाब विचारण्याचे हत्यार दर पाच वर्षांनी हातात येत होते. आपण ते पेटीत टाकून घरी येत होतो.

१९६७ चे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवा. दिनकर देसाई हे कन्नड कवी, अंकोल्याकडचे, मुंबईत भारत सेवक समाजात राहून कामगारांसाठी झटलेले. जिल्ह्यात त्यांनी शेतकऱ्यांची चळवळ केली, कॅनरा वेल्फेअर ट्रस्टमार्फत शाळा काढल्या. तीन निवडणुका हाती असलेली जागा काँग्रेसकडून त्यांनी कोणत्याही पक्षाच्या चिन्हाशिवाय घेतली. म्हणजे हा मतदारसंघ ठरवतो तेव्हा उलटू शकतो. १९७७ मध्ये उत्तरेत काँग्रेसचा धुव्वा उडाला तेव्हा कर्नाटकाने २८ पैकी २६ जागा काँग्रेसला दिल्या, त्यात आपलीही होती. लोकांनी ठरवले ते झाले. प्रश्न इतकाच, की आपण काय ठरवले?

मोठे मताधिक्य, छोटा तालुका

आता अलीकडचे आकडे पाहा. २००९ मध्ये हेगडे यांनी मार्गारेट आल्वा यांचा सुमारे पावणेतेवीस हजार मतांनी पराभव केला. २०१४ मध्ये हे अंतर एक लाख चाळीस हजारांवर गेले. २०१९ मध्ये ते चार लाख एकोणऐंशी हजारांवर पोचले. २०२४ मध्ये कागेरी यांनी खानापूरच्या माजी आमदार डॉ. अंजली निंबाळकर यांना तीन लाख सदतीस हजारांनी हरवले.

तालुक्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्या घरात, मतदारसंघात मतदार सोळा लाखांहून अधिक. खासदार लाखोंनी निवडून येत असेल तर जोयड्याची सगळी मते विरोधात गेली तरी त्याला झोप नीट लागते. २००८ च्या पुनर्रचनेपासून या मतदारसंघात कारवार, कुमठा, भटकळ, शिरसी, यल्लापूर, हल्याळ यांच्या जोडीला बेळगाव जिल्ह्यातील खानापूर आणि कित्तूर आहेत. समुद्रकिनारा, घाट आणि पठार एकाच पोत्यात. अशा पोत्यात जोयड्याचा दाणा शोधायला कोण बसणार?

पण विधानसभेकडे वळा, चित्र पालटते. हल्याळ मतदारसंघात हल्याळ, दांडेली आणि जोयडा येतात. येथे आर. व्ही. देशपांडे १९८३ पासून नऊ वेळा निवडून आले, आधी जनता परिवारातून आणि १९९९ पासून काँग्रेसतर्फे. २००८ मध्ये मात्र सुनील हेगडे यांनी त्यांना हरवले. २०१८ मध्ये देशपांडे सुमारे पाच हजारांनी आणि २०२३ मध्ये अवघ्या ३,६२३ मतांनी निवडून आले. तीन हजार सहाशे तेवीस! एवढी मते तालुक्यातील मोजक्या पंचायतींत आहेत. ज्यांच्या हाती तागडीचे पारडे होते, तेच "आम्ही मूठभर" म्हणून रडत बसले. याला काय म्हणावे?

त्या मतांचे मोल आपण काय मागितले? शाळेत मराठी शिक्षक? अभयारण्यातील गावांना रस्ता? व्याघ्रप्रकल्पाच्या नावाखाली गाव सोडायला लागणाऱ्यांना रास्त भरपाई? की आपल्या आडनावाचा उमेदवार, आपल्या सोयऱ्याचा पुढारी आणि मतदानाच्या आदल्या रात्रीचे जेवण? उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

कोर्टाच्या निकालाची वाट

काही वडीलधारी म्हणतात, सीमाप्रश्न सुटला की सारे सुटेल. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. परंतु १९६७ मध्ये महाजन आयोगाने कारवार, हल्याळ, सुपा म्हैसूरकडेच ठेवा असे सांगितले. महाराष्ट्राने ते मानले नाही आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. निकाल काय लागायचा तो लागो. तोवर पहिलीत गेलेले मूल पदवीधर होऊन गोव्यात नोकरीला लागले. त्याची शाळा कोर्टाच्या तारखेसाठी थांबली नाही. पटसंख्या घटली की शाळेला कुलूप लागते, आणि कुलूप काढायला कुठलाही दावा येत नाही.

बेळगावकडे बघूनही शिकता येईल. २०१८ मध्ये खानापुरात समितीच्या दोन गटांनी दोन उमेदवार उभे केले. दोघांची मते एकत्र केली तर ती विजयी उमेदवारापेक्षा जास्त भरत होती. जागा गेली. २०२४ च्या लोकसभेला आपल्या मतदारसंघातही समितीचा उमेदवार होता. पहिल्या दोघांनीच मिळून सव्वाबारा लाख मते घेतली, त्यापुढे त्याचे काय होणार? नुसता उमेदवार उभा करणे म्हणजे राजकारण नव्हे. त्यामागे गावोगावचे काम लागते.

फ्लेन्सबुर्गचे डेन लोक

आता थोडे दूर जाऊ. जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सीमेवर फ्लेन्सबुर्ग-श्लेस्विग नावाचा मतदारसंघ आहे. तिथे डॅनिश बोलणारी जुनी घराणी राहतात, साधारण पन्नास हजार माणसे. १९२० मध्ये जनमत घेऊन सीमा आखली गेली आणि ही मंडळी जर्मनीत राहिली. आपल्यासारखीच स्थिती. १९४९ मध्ये त्यांच्या पक्षाचा एक खासदार निवडून आला, पुढे सात दशके एकही नाही. पण ते घरी बसले नाहीत. १९५५ मध्ये दोन्ही देशांनी जाहीरनामे काढून अल्पसंख्याकांचे हक्क मान्य केले. त्यांनी आपल्या शाळा, ग्रंथालये, वर्तमानपत्र चालू ठेवले, नगरपालिकांत आणि प्रांताच्या विधिमंडळात माणसे पाठवली. आणि २०२१ मध्ये पंचावन्न हजारांच्या आसपास मतांवर त्यांचा माणूस पुन्हा देशाच्या संसदेत पोचला. २०२५ मध्ये तो पुन्हा आला.

कुणी म्हणेल, त्यांचा कायदा वेगळा. बरोबर आहे. तिथे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा मिळतात आणि पाच टक्क्यांची अट अल्पसंख्याकांच्या पक्षाला लागू नाही. आपल्याकडे जास्त मते त्याची जागा, बाकीच्यांची मते वाया. म्हणूनच आपण त्यांची नक्कल करू शकत नाही. पण सत्तर वर्षे शाळा जिवंत ठेवण्यासाठी कुठला कायदा आडवा येतो? तो धडा तरी घ्यावा.

आता काय करायचे

येत्या काळात दोन गोष्टी घडणार आहेत. पहिली जनगणना. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केली. गणकाला मातृभाषा विचारायची असते, तसेच येणाऱ्या आणखी दोन भाषाही. घरात कोंकणी बोलत असाल तर कोंकणी सांगा, मराठी असेल तर मराठी सांगा, आणि दुसरी जी येते तीही लिहून घ्या. कोंकणी की मराठी म्हणून आपसांत भांडू नका. कुणबी बांधवांचा अनुसूचित जमातीचा प्रश्नही आपलाच समजा. गोव्यातील कुणबी, गावडा, वेळीप यांना २००३ मध्ये तो दर्जा मिळाला. डोंगर तोच, सोयरीक तीच, मग घाटाच्या या अंगाला न्याय वेगळा का?

दुसरी गोष्ट मतदारसंघांची पुनर्रचना. मागच्या वेळी अंकोला नावाचा विधानसभा मतदारसंघच नकाशावरून गेला. पुनर्रचना आयोगाला मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावणी घ्यावी लागते. भूगोल, तालुक्याच्या हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी असे कायदाच सांगतो. जोयडा तालुका फोडू नका, त्याला त्याच्या जंगल-डोंगराच्या शेजाऱ्यांबरोबर ठेवा, हे तिथे लेखी सांगायचे आहे. त्यासाठी प्रत्येक पंचायतीचा ठराव हवा. सुनावणी संपल्यावर अर्ज घेऊन धावणे म्हणजे वरातीमागून घोडे.

आणि तिसरी गोष्ट आपल्याच हातची. पुढच्या विधानसभेला जो कोणी मते मागायला येईल, त्याच्यापुढे एकच लेखी यादी ठेवा. शाळा, रस्ते, जंगलातील गावे, विस्थापितांचे दाखले. जोयड्याची यादी एकच, पंचायतीगणिक वेगळी नाही. ज्याने सही केली त्याला मत, आणि पाच वर्षांनी त्याच कागदावर हिशेब.

आपली घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या जंगलाला, या नदीला आपण पाहुणे नाही. मग मतदानाच्या दिवशीच पाहुण्यासारखे का वागतो?