टाकी मोजण्याआधी पाणी मोजा

गोड्या पाण्यातला पाकट मागायला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न टाकीच्या लांबी-रुंदीचा विचारतं, आणि आपल्यातले बरेच दुकानदार त्याच प्रश्नाचं उत्तर देऊन पावती फाडतात. टाकी मोठी हवी हे खरंच. मोटोरो या पाकटाची चकती अर्धा मीटर भरते. पण माण-हिंजवडीसारख्या भागात हा मासा टिकेल की नाही, हे टाकीच्या मापापेक्षा तिच्यात पाणी कुठून येतं यावर जास्त ठरतं, असं आमचं मत आहे. त्याचं कारण त्याच्या शरीराच्या घडणीत आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर सापडणारे पाकट आणि मुशी रक्तात भरपूर युरिया धरून ठेवतात, म्हणून खाऱ्या पाण्यात त्यांचं अंग सुकत नाही. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतल्या पोटॅमोट्रायगॉन पाकटांच्या (मोटोरो त्यांतलाच) पूर्वजांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र सोडला आणि ही सोय कायमची गमावली. त्यांच्या रक्तात युरिया नावापुरताच असतो, हे थॉर्सन, कोवन आणि वॉटसन यांनी १९६७ साली 'सायन्स'मध्ये दाखवलं. पाणी हळूहळू खारं करत नेलं तरी त्यांना तो पुन्हा साठवता येत नाही. जास्तीचं मीठ बाहेर टाकणारी ग्रंथीही आक्रसलेली आहे. आग्नेय आशियातल्या नद्यांमधल्या एका पाकटाला, हिमांतुरा सिग्निफरला, युरिया साठवणं अजून जमतं, मोटोरोला नाही. त्यामुळे 'पाकट मूळचा समुद्रातला, मासा सुस्त दिसला की मूठभर मीठ टाका' हा दुकानातला सल्ला बंद व्हायला हवा.

युरिया गेला, तसा नत्राचा कचरा टाकायचा मार्गही बदलला. हा मासा तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, आणि कोळंबी-मासळीवर वाढणारा मांसाहारी असल्यामुळे भरपूर टाकतो. रिओ निग्रोसारख्या आम्लधर्मी काळ्या पाण्यात हे खपून जातं, कारण तिथे जवळजवळ सगळा अमोनिया निरुपद्रवी अमोनियम होऊन राहतो. पीएच एका अंकाने वाढला की त्यातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. आता आपल्याकडचं पाणी बघा. पवना धरणातून येणारं पाणी मऊ असतं, तर बेसॉल्टमधल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी. माणमधल्या कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात अशाच बोअरच्या पाण्याच्या टँकरवर चालतात. मऊ पाण्यावर लावलेल्या टाकीत क्षार कमी, त्यामुळे काही महिन्यांत पीएच साडेसहाच्या खाली उतरतो, फिल्टरमधले जिवाणू मंदावतात आणि अमोनियम साठत जातं. मासा तरीही खात-पीत असतो. मग मे महिन्यात कोणीतरी निम्मं पाणी काढून टँकरचं भरतो, पीएच तासाभरात आठाकडे जातो आणि संध्याकाळपर्यंत पाकटाच्या चकतीच्या कडा वर वळलेल्या दिसतात. दोष टँकरवाल्याच्या माथी मारला जातो. विष मात्र टाकीतच होतं. नव्या पाण्याने ते फक्त जागं केलं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की आजचे मोटोरो परदेशांतल्या फार्मवर जन्मलेले, साध्या पाण्याला सरावलेले असतात. तेही खरं आहे, आणि निसर्गातसुद्धा मोटोरो केवळ काळ्या पाण्यात राहत नाही. पण सराव एका स्थिर पाण्याचा होतो, दर पंधरवड्याला बदलणाऱ्या पाण्याचा नाही. आणि फार्मवर जन्मल्याने मूत्रपिंड व कल्ले समुद्री होत नाहीत. दुसरा आक्षेप म्हणजे मोठा कॅनिस्टर किंवा संप लावला की अमोनियाचा प्रश्नच उरत नाही. पण फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूवर जगतात. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की पाणी थांबतं आणि बंद कॅनिस्टरमध्ये तासा-दोन तासांत ते गुदमरू लागतात. सोसायटीच्या जनरेटरवर लिफ्ट चालते. घरातल्या प्लगपर्यंत तो पोचतोच असं नाही.

'नाही परवडला तर नदीत सोडतील, मुळा नदीच्या त्या घाण पाण्यात मरेलच' असं म्हणणारेही आहेत. आम्हाला तेवढी खात्री नाही. सिंगापूरच्या जलाशयांत मोटोरोने बस्तान बसवलं आहे, आणि ते तिथे पोचले शोभिवंत माशांच्या धंद्यातूनच. मुळेत पडलेलं पुढे भीमेतून उजनीत जातं, आणि तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत आपल्याच धंद्यातून सुटलेला सकर मासा आजही अडकतो. पाकटाच्या शेपटीवर विषारी काटा आहे, हे त्या जाळं ओढणाऱ्याला कोण सांगणार?

म्हणून आमची सूचना अशी. पाकट देण्याआधी गिऱ्हाईकाच्या घरचं पाणी दोनदा तपासा, एकदा नळाचं आणि एकदा टँकरचं. पीएच आणि कार्बोनेट काठिण्य दोन्ही. आकड्यांत मोठा फरक असेल तर आधी दोनशे-तीनशे लिटरचा साठवण ड्रम लावायला सांगा, त्यातच पाणी मिसळून मुरवून मग टाकीत घ्यायला सांगा. नकार मिळाला तर विक्री सोडा. बॅटरीवरचा एअर पंप पावतीतच धरा. मासा परत घेण्याची अट लेखी द्या. 'ब्लॅक डायमंड' म्हणून विकला जाणारा लिओपोल्डी पाकट २०२२ च्या पनामा बैठकीत साइट्स या वन्यजीव-व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला आहे. तो हाताळणाऱ्यांनी आयातीची कागदपत्रं पुरवठादाराकडून मागून फाइलला लावावीत, फोनवरच्या आश्वासनावर थांबू नये.