वऱ्हाड मोजावे, वधूवरांना नव्हे

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत जाऊन विवाह लावण्याची प्रथा तेथे आता चांगलीच रुजली आहे. वधू, वर, विवाह लावणारा अधिकारी, एखाददुसरा साक्षीदार आणि फार तर दहावीस आप्तेष्ट एवढ्यांनीच योसेमिटीच्या कड्यापाशी अथवा ग्रँड कॅन्यनच्या काठावर उभे राहावयाचे, परस्परांना वचन द्यावयाचे आणि तासादोनतासांत ती जागा होती तशी सोडून निघावयाचे, असे या विवाहांचे स्वरूप असते. त्यांना तिकडे ‘इलोपमेंट’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ घरच्यांना न कळविता पळून जाऊन केलेले लग्न असा. आज मात्र महिनोन्महिने आधी आखलेल्या, आईवडिलांना ठाऊक असलेल्या, किंबहुना त्यांच्या उपस्थितीत होणाऱ्या छोटेखानी विवाहालाही तोच शब्द लावतात. शब्दातली भीती गेली आणि हौस तेवढी उरली. आपल्याकडे ‘पळून जाऊन केलेले लग्न’ या शब्दांतील भीती अद्याप गेलेली नाही. एकाच कल्पनेची दोन देशांत अशी दोन नशिबे का व्हावीत, याचे उत्तर केवळ संस्कृतीत नाही. ते बऱ्याच अंशी कायद्यात आहे. शासन कशाची चौकशी करते आणि कशाची करीत नाही, हा खरा प्रश्न आहे.

परवान्यामागील अर्थविचार

यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ साली स्थापन झाले आणि अशा सर्व उद्यानांची देखभाल करणारी राष्ट्रीय उद्यान सेवा १९१६ च्या कायद्याने अस्तित्वात आली. लोकांना निसर्गाचा आनंद घेता यावा, परंतु पुढील पिढ्यांसाठी तो अक्षत राहावा, ही दुहेरी जबाबदारी त्या कायद्याने तिच्यावर टाकली. या दोन उद्दिष्टांत ओढाताण आहे हे उघड आहे. २०२४ साली या सेवेच्या अखत्यारीतील स्थळांना ३३ कोटींहून अधिक भेटी झाल्या. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक मालमत्तेच्या शोकांतिकेवर लिहिलेल्या गाजलेल्या लेखात राष्ट्रीय उद्यानांचेच उदाहरण दिले होते. लोकसंख्या वाढत जाते, योसेमिटीचे खोरे मात्र एकच आहे. ते सर्वांना सदैव मोकळे ठेवले तर अखेर कोणाच्याच उपयोगाचे राहणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

या अडचणीवर विवाहांपुरता काढलेला तोडगा म्हणजे विशेष वापराचा परवाना. विवाहेच्छू जोडप्याने काही आठवडे वा महिने आधी अर्ज करावयाचा आणि ठरलेले शुल्क भरावयाचे. माणसे किती, वाहने किती, जागा कोणती, वेळ किती, हे त्यात सांगावे लागते. रॉकी मौंटन उद्यानात विवाहासाठी ठराविक जागाच नेमून दिलेल्या आहेत. जोशुआ ट्री उद्यानात प्रत्येक जागेची माणसांची मर्यादा ठरलेली आहे. झाडाला फांदी बांधावयाची नाही, फुगे वा फुलपाखरे सोडावयाची नाहीत, तांदूळ उधळावयाचे नाहीत. एखाद्या मराठी जोडप्याने तेथे लग्न लावण्याचे ठरविले तर अंतरपाट धरता येईल, मंगलाष्टकेही बेताच्या आवाजात म्हणता येतील. परंतु अक्षता टाकता येणार नाहीत, कारण उधळलेले धान्य रानातल्या पशुपक्ष्यांच्या आहारात जाते. आणि बहुतेक ठिकाणी, परवाना मिळाला म्हणून इतर प्रवाशांना तेथून हाकलण्याचा अधिकार मिळत नाही. जागा सर्वांची ती सर्वांचीच राहते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. परवान्याचे शुल्क काही शे डॉलरांच्या घरातले असते. ते त्या कड्याची किंवा त्या सूर्यास्ताची किंमत नव्हे; अर्ज तपासण्याचा आणि देखरेखीचा खर्च भरून निघावा एवढाच त्याचा हेतू. अशा जागांचा लिलाव पुकारला असता तर उद्यान सेवेच्या तिजोरीत कितीतरी अधिक भर पडली असती. पण मग ग्लेशियर पॉइंटवरचा प्रत्येक शनिवार धनिकांच्या नावे लागला असता. म्हणून दुर्मीळ वस्तूचे वाटप किमतीने न करता संख्येने आणि रांगेने करण्याचा मार्ग तेथे पत्करला गेला. बाजारपेठेचा सतत जयघोष करणाऱ्या देशाने हे करावे, यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

दोन देशांतील चौकशी

आता याच जोडप्याच्या दुसऱ्या कागदाकडे, म्हणजे विवाहाच्या अनुज्ञप्तीकडे वळू. तो कागद उद्यान देत नाही. तेथील काउंटीचे कार्यालय देते. कॅलिफोर्नियात त्यासाठी त्या राज्याचा रहिवासी असावे लागत नाही, वाट पाहण्याची मुदत नाही, आणि मिळालेला कागद ९० दिवस चालतो. कोलोरॅडोत तर पुरोहित वा अधिकारी यांच्यावाचून वधूवरांना स्वतःच स्वतःचा विवाह लावता येतो. ही उदारता तेथेही आपोआप आलेली नाही. १९६७ साली लव्हिंग खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्या देशातील सोळा राज्यांत गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांशी विवाह करणे कायद्याने निषिद्ध होते. लढून मिळविलेली अशी ही मोकळीक आहे. परिणाम असा की तेथील शासन समारंभाविषयी वीस प्रश्न विचारते आणि जोडप्याविषयी मोजके दोनचार.

आपल्याकडे नेमके उलट आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह करावयाचा तर दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य केलेले असावे लागते. मग नोटीस द्यावयाची. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावली जाते. तिची नोंदवही कोणीही पाहू शकतो. ३० दिवसांत कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते आणि हरकत आली की चौकशी संपेपर्यंत विवाह थांबतो. वधू वा वर यांचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर त्या नोटिशीची प्रत तेथील अधिकाऱ्याकडे रवाना होते आणि तेथेही भिंतीवर चढते. म्हणजे जे गाव सोडून दोघे जिवाच्या भीतीने निघालेले असतात, त्याच गावाच्या जिल्ह्याला त्यांचा ठावठिकाणा शासनच कळविते. आंतरजातीय विवाहाला उत्तेजन म्हणून महाराष्ट्र शासन ५० हजार रुपयांचे अर्थसाहाय्य देते, हे स्तुत्य आहे. परंतु ज्या विवाहाला एका खात्याने बक्षीस द्यावयाचे, त्याच विवाहाची दवंडी दुसऱ्या खात्याने पिटावयाची, यातील विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही काय?

दोघेही हिंदू असतील तर १९५५ च्या कायद्यानुसार धार्मिक विधी करून ही नोटीस टाळता येते. आळंदीची वाट अनेक जोडपी धरतात, ती केवळ माउलींवरील श्रद्धेपोटी नव्हे. ज्यांचे धर्म भिन्न आहेत किंवा ज्यांना विधीच नको आहेत, त्यांना मात्र ही पळवाट उपलब्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शक्तिवाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी राज्यांना आदेश दिले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ च्या जानेवारीत, नोटीस प्रसिद्ध करावी की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडावे, असा निर्णय दिला. कायद्यातील शब्द मात्र आहेत तेथेच आहेत.

मर्यादेचा आधार

आणि याच शासनाला वऱ्हाडाच्या संख्येशी एरवी काही कर्तव्य नसते. दोन हजार पाने उठोत, रस्ता अडवून वरात निघो, डोंगराच्या कुशीतील रिसॉर्टात मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धक चालो. पुढे तक्रार झालीच तर पाहता येईल! अन्नटंचाईच्या काळात काही राज्यांत पाहुण्यांच्या संख्येवर निर्बंध घालणारे आदेश निघाले होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यानंतरचा मोठा प्रयोग कोविडच्या साथीत झाला. २०२० साली विवाहाला ५० माणसांची मर्यादा आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात ती २५ माणसे आणि दोन तास इतकी खाली आली. विवाह थांबले नाहीत. अनेक कुटुंबांनी त्या दिवसांत खाजगीत सुटकेचा निःश्वास टाकला, हेही आपण सर्वांनी पाहिले.

हा निःश्वास का निघाला, याचा विचार केला पाहिजे. लग्नातील खर्चाची चढाओढ ही बहुतांशी आवडीने केलेली नसते. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली प्रदर्शनी उपभोगाचे विवेचन केले ते ऐश्वर्यवंतांना समोर ठेवून. आपल्या गावांतून हे प्रदर्शन कर्ज काढून केले जाते. शेजाऱ्याने हजार पाने उठविली म्हणून याला बाराशे उठवावी लागतात. सर्वांनीच हात आखडता घेतला तर सर्वांचेच भले आहे. परंतु पहिल्याने तो घ्यावा तर ‘मुलीच्या लग्नातही कंजुषी केली’ हा शिक्का त्याच्या एकट्याच्या कपाळी बसतो. अशा कोंडीतून व्यक्तीच्या सद्बुद्धीने सुटका होत नाही. बाहेरून आलेला, सर्वांना सारखा लागू असणारा नियमच ती करू शकतो. ‘सरकारची मर्यादा आहे’ हे वाक्य त्या दोन वर्षांत वधूपित्याच्या अब्रूचे कवच झाले होते. अमेरिकेतील जोडप्यालाही उद्यानाचा परवाना हेच कवच पुरवितो. ‘तीस माणसांपलीकडे परवानगीच नाही’ म्हटले की दूरच्या मामाला रागावण्यास जागा उरत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, विवाह हा दोघांचा करार नसून दोन कुटुंबांचा आणि गावाचा संस्कार आहे. त्यातील आहेर, मांडव आणि पंगत ही परस्परसाहाय्याची जुनी व्यवस्था आहे. हे पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु जी व्यवस्था साहाय्यासाठी निर्माण झाली ती कर्जास कारण होऊ लागली, तर ती तशीच चालू ठेवण्यात परंपरेचाही सन्मान नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच अल्प खर्चाचा, पुरोहितावाचून होणारा विवाह या भूमीत लावून दाखविला होता. लहान लग्न ही काही अमेरिकेहून आणावयाची चीज नव्हे. दुसरा आक्षेप मांडववाले, आचारी, वाजंत्री यांच्या रोजगाराचा. कर्जाऊ पैशावर चाललेला खर्च रोजगार देतो हे मान्य केले, तरी व्याजाच्या हप्त्यात अडकलेले तेच कुटुंब पुढील पाच वर्षे बाजारात किती खरेदी करणार, हेही हिशेबात धरले पाहिजे.

अमेरिकेतील प्रथेला भाबडेपणाने डोक्यावर घेण्याचेही कारण नाही. तेथे लहान विवाहाचाही धंदा झाला आहे. छायाचित्रकार, पोशाख आणि प्रवास यांची गाठोडी बांधून विकली जातात आणि एका प्रसिद्ध कड्यावर छायाचित्रासाठी रांगा लागतात. संख्या लहान झाली म्हणून हव्यास लहान होतोच असे नाही. आपण घ्यावयाचा तो नियमाचा धडा, फॅशनचा नव्हे.

आपल्याला काय करता येईल?

आपली अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांत विवाह लावू द्यावेत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवेशाची कारणे मोजून दिली आहेत. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन यांचा त्यांत उल्लेख आहे, विवाहाचा नाही. तेथे आग पेटविण्यास बंदी आहे, तेव्हा होमकुंडाचा प्रश्नच उद्भवत नाही. आपली जंगले लहान आहेत आणि माणसांचा रेटा प्रचंड आहे. हा कायदा आहे तसाच राहावा. २०१९ साली राज्यातील काही किल्ले हॉटेले व समारंभ यांसाठी भाडेपट्ट्याने देण्याची कल्पना पुढे आली तेव्हा उसळलेला जनक्षोभही योग्यच होता. कारण त्या कल्पनेत जागा सर्वांची न राहता भाडेकरूची होणार होती.

परंतु याव्यतिरिक्त नगरपालिकांची उद्याने आहेत, धरणांकाठच्या बागा आहेत, नदीचे घाट आहेत. अशा निवडक जागी ३० माणसे, दोन तास, ध्वनिवर्धक नाही, मांडव नाही, अनामत रक्कम जमा, आणि शुल्क अल्प, अशा अटींवर विवाहाचे परवाने देण्यास काय हरकत आहे? कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या प्रवाशांची संख्या मर्यादित करून आणि शुल्क घेऊन आपण हे तत्त्व राबविले आहेच. कायद्याची अडचणही नाही. विशेष विवाह कायद्याच्या बाराव्या कलमानुसार विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयापासून वाजवी अंतरावरील, वधूवरांना हव्या त्या ठिकाणी, जादा शुल्क भरून, तीन साक्षीदारांसमक्ष आणि पसंतीच्या कोणत्याही पद्धतीने विवाह लावता येतो. ही तरतूद १९५४ पासून पुस्तकात आहे. पुष्कळांना तिचा पत्ताही नाही.

मात्र याच्या जोडीने नोटिशीचे जाहीर प्रदर्शन बंद झाले पाहिजे. वय आणि पूर्वीचा विवाह यांची खातरजमा शासनाने कागदपत्रांवरून अवश्य करावी; त्यासाठी भिंतीवर नाव-पत्ता टांगण्याची गरज नाही. ही दुरुस्ती संसदेने करावयाची आहे आणि तिच्यासाठी महाराष्ट्राने आग्रह धरावा, एवढा या राज्याचा सुधारकी वारसा निश्चितच आहे. ही दुरुस्ती न करता केवळ रम्य जागा खुल्या केल्या, तर सुखवस्तूंच्या हौसेची सोय होईल आणि ज्यांना लहान विवाह ही निवड नसून निकड आहे ते तसेच भिंतीवर टांगलेले राहतील.

नियमन नको असे कोणीच म्हणत नाही. सार्वजनिक जागा, शांतता, पाणी, रस्ता यांवर ज्याचा भार पडतो त्या समारंभाला शासनाने प्रश्न विचारावेत, मोजमाप करावे, मर्यादा घालावी. परंतु कोणी कोणाशी विवाह करावा याचा भार कोणत्याही सार्वजनिक जागेवर पडत नाही. मोजावयाचे तर वऱ्हाड मोजावे; वधूवरांना त्यांच्या वाटेने निर्भयपणे जाऊ द्यावे.