कोणत्या ॲपवर बोलता येते, ते एकदा लिहून सांगा

मा. अध्यक्ष,
दळणवळण, अवकाश आणि तंत्रज्ञान आयोग, रियाध



सौदी अरेबियातल्या जुबैलमध्ये रत्नागिरी-रायगडची माणसे वर्षानुवर्षे कामाला आहेत. शुक्रवार हा आमचा घरी फोन करायचा दिवस. आधीच्या पिढीने कॅसेटवर आवाज भरून तो गावी निघालेल्या माणसाच्या हाती धाडला; पुढे कॉलिंग कार्डे आली. आता इंटरनेट प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी कॉल लागेलच असे नाही.

जून 2013 मध्ये आपल्याकडे व्हायबर हे कॉलचे ॲप बंद झाले. सप्टेंबर 2017 मध्ये, नियम पाळणाऱ्या ॲपवरचे कॉल आपण खुले केले. त्याबद्दल आम्ही मनापासून ऋणी आहोत. पण कोणते ॲप नियमात बसते आणि कोणते नाही, हे कामगारापर्यंत पोचत नाही.

गावाकडे सगळ्यांच्या फोनमध्ये एकच ॲप असते. त्यावर मेसेज जातो, फोटो जातो, नातवाचा व्हिडिओ येतो. कॉल लावला की तिकडे रिंग वाजते, आई फोन उचलते आणि पडद्यावर नुसते 'कनेक्टिंग' दिसत राहते. तिला वाटते, आपलेच काही चुकले. ती फोन बंद-चालू करते, रेंजसाठी अंगणात जाते, शेजारच्या पोराला हाका मारते. मेसेज आणि आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि त्यातली एकच वाट अडली आहे, हे सत्तरीच्या बाईला कसे समजवायचे?

दुसरे ॲप घ्या, म्हणणे सोपे आहे. ते तिच्या फोनमध्ये टाकणार कोण, शिकवणार कोण? मे 2025 मध्ये स्काइप बंद झाले, तेव्हा ज्यांनी घरच्यांना ते शिकवले होते त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

वैतागून पोरे मोफत व्हीपीएन टाकतात, याची मला फार काळजी वाटते. ज्या फोनवर अब्शर हे सरकारी सेवांचे ॲप आहे, पगाराची बँक आहे, त्याच फोनची सगळी ये-जा मग कुणा अनोळखी सर्व्हरमधून होते. कॉल अडवण्यामागे सुरक्षेचा प्रश्न असेल, तर आमचे सिम इकामा (रहिवासी परवाना) आणि ओळख पडताळणीशिवाय मिळतच नाही. सिम कोणाचे, याची नोंद आधीच आहे.

म्हणून विनंती अशी, की कॉलची परवानगी असलेल्या ॲपची यादी अरबीसोबत उर्दू, हिंदी, बंगाली आणि मल्याळममध्ये छापून सिम विकणाऱ्या प्रत्येक दुकानात लावावी. जे ॲप नियमात बसत नाही, त्याचेही नाव लिहावे. आणि जे ॲप आमच्या गावागावांत आधीच पोचले आहे, त्याच्या मालकांशी बसून काय अडले आहे ते सोडवावे.

आपला,
जुबैलमधील एक मराठी कामगार