शेकरूचा रंग कुठे गेला?

तळेघरहून भीमाशंकरकडे जाताना टिपलेलं शेकरू फोनवर तांबूस, तजेलदार दिसत होतं. आमच्या ॲपवर चढवताच मातकट झालं. फोटो लहान करणारा कोड माझाच. फाईल हलकी व्हावी म्हणून तो रंगाची प्रोफाइल, म्हणजे रंगाचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी माहिती, काढून टाकत होता. फोटो ‘डिस्प्ले पी३’ या रंगव्यवस्थेतला. प्रोफाइल गेल्यावर ब्राउझरने तेच आकडे १९९६ च्या ‘एसआरजीबी’चे समजून वाचले. आधी रंग एसआरजीबीत रूपांतरित करा, मगच प्रोफाइल काढा. किंवा राहू द्या. तिचं वजन ते किती, जेमतेम अर्धा केबी!

अशी चूक किरकोळ समजून पुढे ढकलणं मला मान्य नाही. उद्या इथला हिरडा अशाच फोटोवरून पारखला गेला, तर फिकटलेल्या रंगाचा फटका वेचणाऱ्या बाईला बसेल.